आयर्लंडच्या खेड्यांत दारावर येणारी माणसं : तुम्ही काय ऐकलंत?

1937 ते 1939 या काळात आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून लोककथांच्या वह्या भरल्या. त्यात गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या आठवणीही आहेत. आयरिश भाषेत त्यांना 'लुख्त शूल' म्हणत, म्हणजे चालणारी माणसं. तिकडच्या खेड्यांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी शेजारच्या आजी-आजोबांकडून जे ऐकलं असेल ते इथे लिहावं.

मेयो : मी वृद्धाश्रमात नर्स आहे. एक आजी सांगतात, दर हिवाळ्याआधी एक म्हातारा यायचा. दार न वाजवता कडी उचलायचा आणि म्हणायचा, "इथल्या सगळ्यांचं देव भलं करो." पीटच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीसारख्या जळणाच्या) शेकोटीजवळची जागा त्याचीच. उकडलेले बटाटे, ताक, पंचक्रोशीच्या बातम्या, मग शेकोटीपुढेच पेंढ्यावर झोप. सकाळी निघताना तो घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना म्हणे. आजींचा धाकटा भाऊ वारला त्या वर्षी, कोणी काही सांगायच्या आत त्याने ते नावही घेतलं. वाटेत कुठल्यातरी घरी कळलं असणार. आईने त्याच्या झोळीत नेहमीपेक्षा जास्त बटाटे घातले. हे सांगताना आजी अजूनही थांबतात.

केरी : "ऐकलं नाहीस तर त्या शालवाल्या बाईला देऊन टाकीन." इथल्या आयाही हेच म्हणत!

गॉलवे : भिकारी वेगळे आणि ट्रॅव्हलर, म्हणजे इथला भटका समाज, वेगळा, हे आधी सांगायला हवं. ट्रॅव्हलर कुटुंबं घोडागाडीतून येत, पत्र्याचे डबे-बादल्या घडवत, गळकी भांडी दुरुस्त करत. प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि ते काम बुडालं. 2017 मध्ये सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली. माझे शेजारी त्यांनी बनवलेला दुधाचा डबा प्रेमाने दाखवतात, पण गावाजवळ त्यांच्या वस्तीला जागा द्यायची म्हटलं की तेच विरोध करतात. मला याचा फार त्रास होतो.

लिमरिक (मूळ सातारा) : घरमालकिणीच्या आईंना मी आमच्या वासुदेवाबद्दल सांगितलं. मोरपिसांची टोपी, चिपळ्या, पहाटेची गाणी, आजीने सुपातून घातलेले जोंधळे. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग रात्री तो तुमच्याकडे कुठे झोपायचा?"

आमच्या उंबऱ्याच्या आत त्याला कधी कोणी बोलावलंच नव्हतं.