मदत हवी आहे: जाळीच्या कडा काही केल्या गुळगुळीत होईनात

नमस्कार मंडळी. ओपनजीएलमध्ये (थ्रीडी ग्राफिक्सचा प्रोग्रॅमिंग इंटरफेस) एक छोटा सीन रेंडर करतोय, म्हणजे त्याचं चित्र पडद्यावर काढतोय. 4एक्स एमएसएए (पिक्सेलमागे 4 सॅम्पल, म्हणजे नमुना-बिंदू, तपासून कडा गुळगुळीत करायची पद्धत) लावल्यावर भिंती-खांबांच्या कडा छान झाल्या, पण तारेची जाळी आणि झाडाची पानं तशीच दातेरी. कॅमेरा हळू सरकवला की तिरप्या तारांवर मुंग्या चालल्यासारखं दिसतं.

कारण साधारण कळतंय. वस्तू ज्या त्रिकोणांच्या बनतात त्या त्रिकोणाच्या कडेवर एमएसएए काम करतं आणि जाळीची कड त्रिकोणाची नाहीच, ती टेक्स्चरचा (त्रिकोणावर चिकटवलेल्या चित्राचा) अल्फा, म्हणजे किती पारदर्शक ते सांगणारा आकडा, बघून शेडरमध्ये (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) डिस्कार्ड करून, म्हणजे पिक्सेल टाकून देऊन, काढलेली आहे. शेडर पिक्सेलमागे एकदाच चालतो, म्हणजे पिक्सेल राहिला तर अख्खा, गेला तर अख्खा.

एफएक्सएए (तयार चित्रातल्या कडा शोधून त्या मऊ करणारी पद्धत) लावून पाहिलं. दाते कमी झाले, पण बारीक अक्षरंही पुसट झाली (ती नंतर वेगळी काढता येतील म्हणा). टीएए (आधीच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करणारी पद्धत) नको वाटतं, हलत्या वस्तूमागे तिची पुसट प्रत रेंगाळते.

आता अल्फा टू कव्हरेज (अल्फानुसार पिक्सेलमधले किती सॅम्पल भरायचे ते ठरवणं) वापरावं म्हणतो. 4 सॅम्पलमध्ये पारदर्शकतेच्या जेमतेम 5 पायऱ्या मिळतात, तेवढ्यात भागतं का? शिवाय लांबच्या मिपमॅपवर (लांबून दिसताना वापरायच्या टेक्स्चरच्या लहान प्रतींवर) जाळी विरळ होत गायबच होते, तिथे अल्फा कसा सावरता? कुणी केलं असेल तर शेडरचा तुकडा टाका ना.