शब्दचर्चा: ‘स्पोर्टिंग रायफल’ म्हणजे नेमकी कोणती? लष्करी रायफल तासून केलेलीला काय म्हणायचं?

जांबोटीकर

खानापूरकडच्या जुन्या घरांतून वाटणीपत्र किंवा वारसांची यादी मराठीत करताना घरातल्या हत्याराचं वर्णन लिहावं लागतं. पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बहुतेक बंदुका बारा बोअरच्या नाहीतर ठासणीच्या असतात, त्यांची अडचण नाही. रायफल असली की गोंधळ सुरू होतो. परवान्यावर ‘स्पोर्टिंग रायफल’ एवढंच असतं. त्याचं कुणी ‘क्रीडा रायफल’ करतं, कुणी ‘शिकारी रायफल’, कुणी ‘मिलिटरीच्या मोडीतली’. कारखान्यातूनच शिकारीसाठी निघालेली एक आणि लष्करी रायफल कापून, घासून केलेली दुसरी. या दोन्हींना एकच शब्द पुरतो का? आणि हातात आली तर कुठली कुठली हे ठरवायचं कसं?

कॅम्प, बेळगाव

आधी ‘क्रीडा’ खोडा. इंग्रज अमदानीत ‘स्पोर्ट’ म्हणजे शिकार. त्यामुळे ‘शिकारी रायफल’ हा अर्थ बरोबर बसतो. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली, पण हत्याराचं नाव त्याच्या घडणीवरून पडलेलं आहे, ते तसंच राहतं.

‘मोडीतली’ हाही शब्द चुकतो. मोड म्हणजे तुटकं, वजनावर विकायचं. सरप्लस माल चालता असतो, फक्त खात्याला नको झालेला असतो. त्याला ‘खात्यानं निकालात काढलेली’ म्हणा. त्याची खूणही धातूवर असते. सरकारी मालकीची खूण म्हणजे एक रुंद बाण. भारतीय मालकीच्या हत्यारावर त्याच बाणाखाली इंग्रजी ‘आय’ अक्षर असतं. ब्रिटिश खात्यानं विकून टाकलेल्या हत्यारावर दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले दिसतात. घाईत बघणाऱ्याला ती चांदणी वाटते. एकच बाण असेल तर हत्यार कधीतरी सरकारी होतं एवढंच कळतं, दोन असतील तर रीतसर विक्री झाली हेही कळतं.

निपाणीकर

ओळखीचं सांगतो, आमच्या भागात बहुतेक वेळा ली-एन्फिल्डच, म्हणजे इंग्रजी फौजेची .३०३ इंची ‘थ्री नॉट थ्री’च पुढ्यात येते म्हणून तिचंच सविस्तर.

पहिलं काम, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, बोल्ट (मागे-पुढे सरकणारा खटका) मागे ओढा, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून चाचपा. मगच बाकीचं. काडतूस घालून ‘बसतंय का’ असं कुणी बघायचं नाही.

मग दस्त्याजवळच्या लोखंडी कड्याकडे या, म्हणजे जिथं मागचं लाकूड धातूत शिरतं तिथं, उजव्या बाजूला. लष्करी नंबर एक रायफलवर (हा ली-एन्फिल्डचाच एक नमुना) तिथं मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि प्रकार एकाखाली एक ठोकलेले असतात. एन्फिल्ड, बी. एस. ए., एल. एस. ए., लिथगो, बंगालमधलं ईशापूर ही तिथं सापडणारी कारखान्यांची नावं. तासणाऱ्यानं सगळं लाकूड बदललं तरी ही जागा सहसा तशीच राहते. ती घासून गुळगुळीत केलेली असेल तर पुढं न जाता थांबा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ नुसार नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं हा गुन्हा आहे आणि तसलं हत्यार विकताही येत नाही.

आता पुढचं लाकूड. लष्करी रूपात ते नळीच्या तोंडापर्यंत जातं आणि टोकाला संगीन अडकवायची लोखंडी टोपी असते. तासलेल्या रायफलमध्ये ती टोपी जाते, लाकूड मध्येच कापून गोल केलेलं असतं, नळीचा पुढचा भाग उघडा पडतो. पण मूळच्या शिकारी रायफलचीही नळी पुढं उघडीच असते. म्हणून लाकूड उलटं करून खालची बाजू बघा. लष्करी लाकडात मधल्या पट्टीच्या स्क्रूचं भोक असतं. त्यात स्क्रू तसाच असतो, नाहीतर वेगळ्या रंगाच्या लाकडाची गुटली ठोकलेली असते. पॉलिश कितीही चढवा, गुटलीच्या रेषा आडव्या जातात.

दस्त्यामागचा रबरी पॅडही उघडून बघायला हवा. लष्करी दस्त्याला पितळी पाटी, त्यात झाकण, आणि आत तेलाची बाटली व नळी साफ करायची दोरी ठेवायला कोरलेलं भोक असतं. पॅडनं पाटी झाकते, भोक राहतंच.

ईशापुरी तुकड्यात आणखी एक हमखास खूण मिळते. मॅगझिनच्या जरा पुढं लाकडाला आरपार आडवा स्क्रू. लाकूड फाटू नये म्हणून तो भारतात घातला जाई. तो दिसला की रायफलनं भारतीय फौजेत नोकरी केली असं खुशाल लिहा.

चिकोडी

निपाणीकर अण्णांनी पॅड उघडायला सांगितलं, पण दस्ता कुणी सोडवू नये हेही सांगायला हवं. नंबर एक रायफलचा दस्ता एका लांब बोल्टनं आवळलेला असतो. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पत्रीत बसतं. पुढचं लाकूड न काढता मागून स्क्रूड्रायव्हर फिरवला की पत्रीसकट लाकडाचा मागचा काठ चिरतो. बाजारातल्या कित्येक तासलेल्या रायफलींना नेमकी तिथंच चीर असते. ‘जुनं लाकूड आहे, वाळून चिरलं’ असं सांगितलं जातं ते खरं नसतं.

हल्याळ

शब्दाचा मुद्दा. दस्ता की कुंदा? बेळगावात ‘कुंदा’ म्हटलं की खवा-साखरेचा, म्हणून इकडं दस्ताच रूढ आहे. पण दस्ता म्हणजे नक्की किती, खांद्याला लागतो तेवढाच, की पुढच्या लाकडासकट? हे महत्त्वाचं, कारण ली-एन्फिल्डमध्ये दोन वेगळे तुकडे असतात आणि माउझरमध्ये एकच अखंड.

आणखी एक, कन्नडमध्ये बंदुकीला कोवी म्हणतात हे ठाऊक आहे. पण कागदावरच्या कन्नड ‘परवानगी’चा अर्थ आपला परवाना. मराठी वाचणारा त्याला नुसती ‘संमती’ समजतो आणि यादीत ‘परवानगी होती’ असं लिहितो. तिथं ‘परवाना’च लिहा, नंबर आणि मुदतीसकट.

कॅम्प, बेळगाव

दस्ता म्हणजे मागचा. पुढच्याला ‘पुढचं लाकूड’ म्हणा, उगाच नवा शब्द नको. माउझरला ‘अखंड लाकूड’ लिहा, तेवढ्यानं निम्मी ओळख होते.

माउझर ९८, म्हणजे जर्मन घडणीच्या लष्करी रायफली, याही जगभर तासल्या गेल्या. चेंबरवरच्या गोल कड्यावर देशाचं मानचिन्ह असतं, ते घासलेलं असेल तर तिथला धातू बोटाला सपाट लागतो. डाव्या भिंतीला अर्धगोल खाच दिसते, क्लिपनं काडतुसं दाबताना अंगठा जाण्यासाठी. लष्करी खूण म्हणून ती चांगली, फक्त एकट्या खाचेवर निकाल देऊ नका. नळी पायरीपायरीनं बारीक होत गेली असेल तर ती लष्करी नळी, पुढचं लाकूड कितीही देखणं असो.

पी-१४ या ब्रिटिश लष्करी रायफलची गोष्ट सोपी आहे. मागच्या साईटच्या दोन्ही अंगांना मोठे ‘कान’ असतात. तासणारा ते कान कापून वर दुर्बिणीची भोकं पाडतो. कानांमधल्या खळग्यात वेल्डिंग भरलेलं असलं तर उन्हात रंगाचा फरक दिसतो.

जांबोटीकर

.३१५ इंची रायफलचं काय? ती ‘तासलेली’ म्हणायची का? यंत्र तर थ्री नॉट थ्रीचंच दिसतं.

निपाणीकर

चर्चेतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. .३०३ हा फौजेचा बोअर (नळीच्या भोकाचं माप), म्हणून तो सामान्य माणसासाठी प्रतिबंधित. त्यामुळे ईशापूर कारखान्यानं आणि विलायतेत बी. एस. ए.नं ली-एन्फिल्डच्याच यंत्रावर .३१५ ची रायफल हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनवली. तिचं काडतूस ८×५० मिलिमीटर, बुडाला कडा असलेलं. .३०३ चं कवच त्याहून लांब, ५६ मिलिमीटर. ही रायफल कारखान्यातून निघतानाच शिकारी. तिला तासलेली म्हणणं चूक.

फरक असा बघा. .३१५ वर संगीन बसायची सोय कधी नव्हतीच, म्हणून ती काढल्याच्या खुणाही नसतात. लाकडाच्या पोटात बुजवलेलं भोक नाही. बोअर नळीवर ठोकलेला असतो, आणि तो वाचूनच लिहायचा, नळीच्या तोंडात बोट घालून अंदाज करायचा नाही. .३०३ आणि .३१५ मधला फरक इंचाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, हाताला कळणारच नाही. खूण पुसट असेल तर शस्त्रकारागिराकडून चेंबरचा साचा घेऊन मापावं.

चिकोडी

नंबरांविषयीही एक शब्द पक्का करायला हवा. ‘नंबर जुळतात’ असं लिहितात, पण कुठले? नंबर एक रायफलमध्ये तोच नंबर चेंबरच्या कड्यावर, नळीवर, बोल्टच्या दांडीमागं, मागच्या साईटच्या पट्टीखाली, संगिनीच्या टोपीवर आणि पुढच्या लाकडाच्या टोकाखाली असे. तासताना टोपी आणि लाकडाचं टोक गेलं, राहिले चार. त्यातला बोल्टचा नंबर जुळत नसेल तर तो नुसता कागदाचा प्रश्न नाही.

.३०३ चं काडतूस मागच्या कडेवर बसतं. बोल्ट आणि नळी यांच्यात त्या कडेसाठी जागा किमान ०.०६४ इंच लागते, ०.०७४ च्या वर गेली की रायफल बाद. दुसऱ्या रायफलचा बोल्ट घातला की हे माप बिघडू शकतं. मग बार उडताना कवच मागं ताणतं आणि बुडाच्या थोडं पुढं तुटतं. रिकाम्या कवचावर तिथं चकाकती कडी दिसली की ती पहिली सूचना. काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी बाहेर सरकलेली दिसते तीही त्यातलीच. बोल्टचा नंबर म्हणून वेगळाच लिहावा.

हल्याळ

पोलिसी मस्केट राहिली. बाहेरून हुबेहूब थ्री नॉट थ्री, आणि यादीत सगळे ‘रायफल’ लिहितात.

कॅम्प, बेळगाव

ती रायफल नव्हेच. ईशापूरला जुन्या नंबर एक रायफलींची नळी .४१० पर्यंत पोखरली, आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) काढून गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला, एका वेळी एकच काडतूस. पहाऱ्यासाठी दिलेलं हत्यार फौजेच्या गोळीवर चालू नये हा हेतू. आटे असतील तर रायफल, नसतील तर मस्केट किंवा बंदूक. नळीत मागून उजेड धरून बघितलं की दोन सेकंदांत निकाल. तिला तासलेली म्हणू नये, ‘पोखरलेली’ म्हणावं.

‘डी. पी.’ अक्षरं ठोकलेली असतील तर ती ड्रिलपुरती आहे, तिच्यातून बार काढायचाच नाही.

जांबोटीकर

मग शब्द असे ठरवू या का? कारखान्यातूनच तशी निघालेली ती ‘मूळ शिकारी’. फौजेची बदललेली ती ‘तासीव’. कोरीव, घडीव म्हणतो तसंच तासीव.

निपाणीकर

तासीव चालेल, जिभेला बसतो. लाकूड तासलं, संगिनीची खुंटी घासली, कान कापले, सगळं त्यात येतं. फक्त एक जोड द्या, नळी लष्करी लांबीची आहे की कापलेली हे वेगळं लिहा. नंबर एकची लष्करी नळी २५.२ इंच. त्याहून आखूड असेल आणि पुढच्या माशीच्या (नेम धरायच्या खुंटीच्या) बैठकीची मूळ खाच नळीवर दिसत नसेल, तर नळी कापली आहे. परवान्याशिवाय नळी आखूड करणं कलम ६ खाली येतं, म्हणून ते काम केव्हाचं आणि कागद कुठला हे विचारून घ्यावं.

तासीव रायफलचा नेम का फिरतो, तेही यातच येतं. नंबर एकची नळी पुढच्या लाकडाच्या टोकाशी वर रेटलेली असे. ते टोकच कापल्यावर रेटा संपतो आणि बार जुन्या जागी लागत नाही. साईट बिघडली म्हणून तिला हात घालण्यात अर्थ नाही.

चिकोडी

यादीत असं लिहावं: “ली-एन्फिल्ड नंबर एक, बोल्टची, .३०३, ईशापूर, साल अमुक. तासीव. नळी २५.२ इंच, न कापलेली. पुढचं लाकूड कापलेलं, पोटात बुजवलेलं भोक. दस्त्याला रबरी पॅड. नळी, कडं आणि साईटपट्टीचा नंबर एकच, बोल्टचा वेगळा. बाणाखाली ‘आय’.”

कॅम्प, बेळगाव

‘प्रतिबंधित बोअर’ हेही त्यातच हवं. .३०३ लिहिलं आणि परवाना .३१५ चा निघाला, तर यादी तिथंच थांबवून आधी ठाण्यात जावं.