मंडळीने गायचं की गायकांचं ऐकायचं?

पेटीवाला, भायखळा
गेल्या रविवारी चर्चमध्ये उपासनेला मागून तिसऱ्या बाकावर होतो. समोर ड्रम, कीबोर्ड, चार माइक. गाणं नवं, शब्द पडद्यावर, तेही ओळ संपल्यावर उमटणारे. शेजारच्या आजींनी पिशवीतून खाकी कव्हरचं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक काढलं, नंबर कुणी सांगेना म्हणून मांडीवर मिटून ठेवलं. आजींचा आवाज चिरका, पण एरवी मला तो नेहमी ऐकू येतो. त्या दिवशी माझा मलाच आला नाही.

बायबलमध्ये पौल कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात (३:१६) सांगतो की स्तोत्रं-गीतं गाऊन एकमेकांना शिकवा. एकमेकांना! शेजारी ऐकूच येत नसेल तर ती मैफल झाली.

माइक नंबर दोन
मी असाच एक माइकवाला, मालाडचा. शनिवारी ऑफिस सुटल्यावर दोन लोकल बदलून सरावाला जातो. लोक गात नाहीत म्हणून आवाज वाढवावा लागतो हो, तुम्ही उलटं सांगताय. अर्धी मंडळी तर दुसऱ्या गीताला उगवते. आणि नव्याचं एवढं वावडं कशाला? कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, इथे मुंबईतलाच. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, तेही कधीतरी नवंच होतं ना?

दहिसरकर
कॅथलिक आहे, मध्ये तोंड घालतो. आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. पण त्याच दस्तऐवजात गायकवृंदही जोपासा असं आहे, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. माझी आजी लॅटिन मिस्सातलं (आमच्या उपासनेतलं) अक्षर न कळता तल्लीन व्हायची. आणि वडिलांच्या अंत्यविधीला माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा कॉयर गात होता. माझ्या वाटणीचंही तेच गायले. मुकाट ऐकणाराही उपासनाच करत असतो, पेटीवाले.

उगाच एक
शब्दांपेक्षा सुराने जास्त हेलावलो तर ते पाप, अशी कबुली संत ऑगस्टीनने देऊन ठेवलीय. धर्मसुधारक झ्विंगलीने तर झ्युरिकमध्ये उपासनेतलं गाणंच बंद केलं. मिटला वाद.

पेटीवाला, भायखळा
@दहिसरकर, अंत्यविधीचं पटलं. तिथे कुणीतरी आपल्यासाठी गायलाच हवं. पण दर रविवारी आपण तेवढे खचलेले असतो का?

@माइक नंबर दोन, नवेपणाबद्दल तक्रार नाही. टिळकांचं भजन टाळ घेऊन कुणीही उचलतं, तुमचं गाणं तुमच्याशिवाय उभं राहत नाही. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीच्या गाण्याबद्दलच्या १७६१च्या सूचना बघा: जोरात गा, पण इतरांच्या वर आवाज जाईल असं ओरडू नका. एक कडवं वाद्यं थांबवून बघा.

माइक नंबर दोन
बघितलंय. चौथ्या ओळीला मंडळी अर्धा सूर खाली उतरते. मग कीबोर्ड आला की फजिती आमची.

पेटीवाला, भायखळा
मग त्या गीतापुरता कीबोर्ड परत आणूच नका! आणि पट्टी आधीच खाली धरा. सगळी गाणी तुमच्या गायिकेच्या पट्टीत लावता, पुरुषांच्या बाकांवर ध्रुवपदालाच निम्मे गप्प होतात. आळस नाही तो, गळा पोचत नाही.

माइक नंबर दोन
पट्टीचं मान्य. शनिवारी बोलतो. ड्रम मात्र राहणार.