जाहिराती आटल्यावर न्यूज पोर्टल वर्गणीवर चालेल का?

रानवारा_७: जिल्ह्यापुरतं मराठी पोर्टल आहे. तीन बातमीदार, एक संपादक, सर्व्हर धरून महिना सव्वा लाख खर्च. गुगलच्या जाहिरातींत भागत नाही, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत. मलेशियातली ‘मलेशियाकिनी’ ही बातम्यांची साइट वर्गणीवर तगली असं ऐकतो. आपल्याकडे हिशेब कसा बसेल, फसतं कुठे?

कोरा_कागद: मलेशियाकिनीचं उदाहरण घ्या, पण पूर्ण घ्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर स्टीव्हन गान आणि प्रेमेश चंद्रन यांनी ती काढली. तिथे छापील पत्राला सरकारी परवाना लागायचा. इंटरनेटवर सेन्सॉरशिप नाही, असं मात्र सरकारनेच गुंतवणूकदारांना सांगून ठेवलं होतं. त्या फटीतून साइट उभी राहिली. मग डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सचा फुगा फुटला, जाहिराती गेल्या आणि २००२ मध्ये इंग्रजी आवृत्तीला वर्गणी लावली. फुकट वाचणाऱ्यांपैकी फार थोडे पैसे देणारे निघाले. तुमच्याकडेही तसंच होणार, त्यामुळे आजच्या वाचकसंख्येवरून अंदाज बांधू नका.

२०२१ मध्ये वाचकांच्या पाच प्रतिक्रियांवरून न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना ५ लाख रिंगिट दंड झाला. लोकांनी काही तासांत तेवढी रक्कम जमवून दिली. धडा दोन्हीकडून आहे. कोर्टाच्या बातम्यांखाली प्रतिक्रिया बंद ठेवा किंवा तपासूनच प्रसिद्ध करा. वाईट शब्द आपोआप अडवणाऱ्या नुसत्या शब्दगाळणीवर विसंबू नका.

हिशेबनीस: आकडा मांडतो. वर्षाचा खर्च १५ लाख. वार्षिक वर्गणी ९९९ रु. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी वजा जाता ९७५ रु. हाती राहतात. म्हणजे १,५४० च्या आसपास सभासद हवेत. उलाढाल २० लाखांवर गेली की डिजिटल वर्गणीवर १८ टक्के जीएसटी (छापील वर्तमानपत्राला शून्य, हा अन्याय जुनाच आहे). किंमत तीच ठेवली तर मग हाती ८२३ रु.च राहतील. जाहिरातींचं उत्पन्नही त्याच उलाढालीत धरलं जातं, हे बरेच जण विसरतात.

खरी गळती नूतनीकरणात होते. ६० टक्के सभासद टिकले, तरी दरवर्षी सव्वासहाशे नवे आणावे लागतात. महिन्याची वर्गणी नकोच. रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे ऑटो-डेबिटचे नियम पाहा: पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि तिथूनच तो नकार देऊ शकतो. वर्षाला बारा सूचना म्हणजे सोडून जायच्या बारा संधी. कार्डाची मुदत संपली तरी वर्गणी गुपचूप बंद पडते. वर्गणीच्या मुदतीआधी १५ आणि ३ दिवसांवर व्हॉट्सॲप करा, नंतर आठवडाभर लॉगिन चालू ठेवा. आणि जानेवारीत आलेल्यांपैकी पुढच्या जानेवारीत किती उरले, हे महिनावार लिहीत जा. एकूण सभासदसंख्या फसवी असते. मोठ्या बातमीनंतर ती उसळते, आणि ती भरती वर्षभराने सगळ्यात आधी ओसरते.

रानवारा_७: त्यापेक्षा ना-नफा कंपनी काढून देणग्या घेतल्या तर?

तळटीप: वर्गणीला जोड म्हणून ठीक, मुख्य आधार म्हणून नको. जानेवारी २०२५ मध्ये शोधपत्रकारिता करणाऱ्या ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ची ना-नफा करसवलत प्राप्तिकर खात्याने काढून घेतली. परदेशी देणगीचा विचारच सोडा. परदेशी देणग्यांवरचा एफसीआरए कायदा आड येतो. डिजिटल बातम्यांत परदेशी भांडवल २६ टक्क्यांपर्यंतच, तेही सरकारी मंजुरीने.

२०२१ च्या आयटी नियमांतल्या, डिजिटल बातम्यांना आचारसंहिता आणि तक्रार-यंत्रणा लावणाऱ्या ९(१) आणि ९(३) या कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १४ ऑगस्टला स्थगिती दिली. तरीही तक्रारीसाठी एक नाव आणि ईमेल साइटवर ठेवाच. चूक तिथे कळली तर दुरुस्तीवर भागतं, नाहीतर थेट वकिलाची नोटीस येते. आणि त्या सव्वा लाखात वकिलाचा खर्च धरलेला दिसत नाही.