पणजोबांच्या पहिल्या महायुद्धातील सेवेच्या नोंदी कोठे शोधाव्यात?

प्रश्न:
माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातून स्वेच्छेने पलटणीत भरती झाले आणि मेसोपोटेमियातून (आजच्या इराकमधून) सुखरूप परतले, एवढेच घरात सांगितले जाते. त्यांचे चांदीचे पदक आमच्याकडे आहे. पलटण मात्र कोणालाच ठाऊक नाही. शोधाची सुरुवात कोठून करावी?

उत्तर १:
पदकापासूनच करावी. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. अक्षरे झिजली असली, तरी तिरप्या उजेडात भिंगातून बहुधा वाचता येतात. पदक कृपया घासून चकचकीत करू नका, कारण आपल्या हाती असलेला तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

उत्तर २:
युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या संस्थेच्या यादीत फक्त मृतांची नावे असतात, त्यामुळे परतलेल्या शिपायाचे नाव तेथे न सापडल्यास निराश होऊ नये.

उत्तर ३:
पलटणीचा क्रमांक कळल्यावर तिचे पुढचे नावही पाहावे. उदाहरणार्थ, ११० वी मराठा पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियातील कुत या गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील ब्रिटिश-भारतीय सैन्याने शरणागती पत्करल्यामुळे, पणजोबा त्यांपैकी एकीत असल्यास युद्धकैद्यांच्या नोंदीही तपासाव्या लागतील. त्यानंतर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला क्रमांक, हुद्दा, गाव आणि तालुका लिहून पत्र पाठवावे. केवळ नावावरून शोध लागणे फार कठीण असते.