ट्रेलच्या आदल्या आठवड्यात गाडीला लिफ्ट लावायची का? माझं मत: नाही

जिप्सीवाला_फोंडा
काल आमच्या शेडमध्ये यावरून चांगलंच वाजलं म्हणून इथे मांडतोय. आम्ही पाच जण, दोन जिप्सी आणि एक जिम्नी, पुढच्या रविवारी ट्रेलला, म्हणजे कच्च्या वाटेवर गाड्या चालवायला, वाळपईच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या काजूच्या डोंगरावर जाणार, त्याला विचारूनच. मित्राने त्याच्या जिप्सीसाठी ३१ इंची मड टायर आणि लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाचे दुवे, लांब घातले की गाडी वर उचलली जाते, तीच लिफ्ट) आणलेत आणि त्याचं म्हणणं शनिवारी रात्री बसून सगळं लावून टाकूया, सकाळी निघूया. मी सरळ नाही म्हटलं. ट्रेलच्या आधीच्या आठवड्यात गाडीची फक्त दुरुस्ती करायची, नवीन काही घालायचं नाही, नवीन घालायचं तर तीन आठवडे आधी.

का ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं, शुक्रवारी लिफ्ट, रविवारी ट्रेल. ओहळ ओलांडून वर चढताना पुढचं डावं चाक हवेत लटकलं, एक्सल आधी जायचा त्याच्यापेक्षा खाली गेला, आणि ब्रेकची रबरी नळी तीच जुन्या मापाची. ती ताणून फाटली ते कोणाला कळलंच नाही. पलीकडे उतार लागला आणि मी पाय ठेवला तर पेडल जवळजवळ फरशीला टेकलं, मागचे ब्रेक थोडेसे धरत होते तेवढेच. लो रेंजचा पहिला गिअर होता आणि मी गाडी बांधाला घासली म्हणून थांबली. पुढे दहा हातांवर मित्राचा धाकटा भाऊ रस्ता दाखवायला चालत होता, त्याची पाठ आमच्याकडे होती. किट घेतलं तिथे कोणी सांगितलं नाही की लिफ्टबरोबर नळीही लांब लागते, आणि आम्हीही विचारलं नाही.

मडटायर_म्हापसा
दादा, तुझ्यावर जे आलं ते वाईटच, पण त्यात दोष लिफ्टचा नाही, नळी न बदलल्याचा आहे. मी पूर्ण विरोधात आहे. स्टॉक, म्हणजे काही न बदललेली जिप्सी घेऊन जुलैत तिथे जाऊन बघ, ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की एक्सलचा मधला गोळा (डिफरन्शियल) चिखलात नांगरासारखा रुततो आणि चारही चाकं नुसती फिरत राहतात. मग दोन तास ओढाताण, त्यातच क्लच जातो, ओढायचा पट्टा तुटतो, माणसं जखमी होतात ती पण तिथेच. जिप्सीचा मूळ टायर २०५/७०-१५ म्हणजे साधारण ६६८ मिलिमीटर उंच, ३१ इंची ७८७, म्हणजे गोळा जवळपास ६ सेंटीमीटर वर जातो आणि चिखलात ६ सेंटीमीटर म्हणजे खूप झाले. नुसत्या लिफ्टने गोळा वर जात नाही हे मान्य, तो टायरनेच जातो, पण टायर बसायला लिफ्ट लागते.
आणि दुसरी गोष्ट. मला गाडी कळली ती गॅरेजात नाही, मित्रांबरोबर रात्री बॅटरीच्या उजेडात पाटे उतरवताना कळली. ते पण बंद करायचं का?

फिटर_कुडचडें
मी खाणीच्या टिपरांवर बरीच वर्षं काम केलंय, दोघांनाही थोडं बोलतो.
भाऊ म्हापसा, ६ सेंटीमीटरचं गणित बरोबर पण पुढचं पण कर. टायर १८ टक्के मोठा झाला म्हणजे तेवढंच गिअरिंग लांब झालं, तेराशे सीसीचं इंजिन चढावर दमतं आणि सगळा भार क्लचवर येतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ७० ला पळत असते. ब्रेक तेच, चाक जड. लांब शॅकलने पुढचा कास्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ धरणारा चाकाचा कोन, बिघडतो, चोर्ला घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग भरकटायला लागतं, माणूस ट्रेलवर पोचायच्या आधीच घाबरतो. आणि पाटे एक्सलला धरणारे यू-बोल्ट उघडले की नवीन पाटे दबून बसतात, ते बोल्ट ५०-१०० किलोमीटर चालवून परत आवळावे लागतात. शनिवारी लावून रविवारी नेलेल्या गाडीत ते आवळणार कोण आणि कधी?
फोंडेकर, तू मात्र दुरुस्ती म्हणजे नक्की काय ते लिहिलं नाहीस. आधी ब्रीदर बघ, एक्सलमधली हवा आत-बाहेर जायची नळी. एक्सल चालून चालून गरम होतो, थंड ओहळात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढतो. परत आल्यावर डिफरन्शियलचा तेलाचा बोल्ट उघड, तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं तर पाणी गेलंच समज. माझ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या गाड्यांत हेच सगळ्यात जास्त आणि मालकाला पत्ता नसतो, दिवाळीला बेरिंग वाजायला लागतं तेव्हा येतो. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) हाताने हलवून बघ, व्हील बेरिंगला ग्रीस, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, पट्टा लावायचे हुक चेसीला बोल्ट केलेत की नुसते बंपरला. आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत सेल मारायचा नाही, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर.

नियमवाला
एक मुद्दा कोणी घेतला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळंच. फोंडा ते वाळपई रस्ता सार्वजनिक आहे, डोंगर खाजगी असला तरी.

मडटायर_म्हापसा
मग २०१४ ला भारतातली पहिली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा गोव्यातच झाली, त्या गाड्या काय स्टॉक होत्या?

नियमवाला
स्पर्धेची गाडी ट्रेलरवर घालून नेता येते, रस्त्यावर चालवावी लागत नाही. तसं नेणार असशील तर माझी काही हरकत नाही.

कुळागर_सत्तरी
मी त्याच बाजूचा. तुमची लिफ्ट राहू दे बाजूला, आमचं ऐका. मागच्या पावसात अशाच एका ग्रुपने आमच्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वरच्या वाटेवर मड टायर फिरवले, वाट गेली ती गेलीच, माती सगळी खाली पाटात आली आणि पोफळींचं पाणी दोन दिवस बंद. माझे बाबा ६८ वर्षांचे, खोरं घेऊन त्यांनी तो पाट उपसला. टायर जितका दात्यांचा तितकी जमीन जास्त उकरली जाते, हे तुम्ही गाडीत बसून बघत नाही, आम्ही मागाहून बघतो. विंचची, म्हणजे रुतलेली गाडी ओढायच्या यंत्राची, तार फणसाला डायरेक्ट गुंडाळली होती, सालीवर अजून गोल वण आहे. रुंद पट्टा घ्या झाडासाठी, तो काही महाग नाही. आणि तेल गळणारी गाडी ओहळात घालू नका, खाली माणसं तेच पाणी वापरतात. म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे, त्याची हद्द कुठे लागते ते निघण्याआधी बघून ठेवा, तिथे विचारायचा प्रश्नच नाही, जायचं नाही.

मडटायर_म्हापसा
कुळागर, हे वाचून गप्प झालो. पट्ट्याचं आणि वाटेचं शंभर टक्के मान्य. टायरवर मात्र मी ठाम आहे, घसरणारा टायर जास्त उकरतो, पकडणारा कमी, फक्त हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून हळू चालवलं पाहिजे. ते आमच्यातले अर्धे करत नाहीत हे खरं.

जिप्सीवाला_फोंडा
सगळं मित्राला वाचून दाखवलं. टायर आणि शॅकल त्याने शेडमध्येच ठेवलेत, चवथीनंतर नळ्या आणून नीट लावूया असं ठरलं, तेव्हा आरटीओत पण विचारून येतो. रागात आहे अजून, पण रविवारी येतोय, स्टॉक गाडी घेऊन. आज संध्याकाळी दोन्ही जिप्सींचे ब्रीदर उघडले, माझा साफ होता, त्याचा पूर्ण बुजलेला, आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल फिटर म्हणाले तसंच पांढरट निघालं. बाकी ग्रीसिंग आणि ब्रेकची हवा काढायचं काम शनिवारी सकाळी ८ वाजता, फोंड्याला. ज्यांना हात लावायचाय त्यांनी या. कुळागर, तुमच्या वाटेने आम्ही येत नाही, पण पाटाचं काही काम उरलं असेल तर सांगा, दोन खोरी आणि पाच माणसं आहेत.