मदत हवी आहे: नव्या डेबियनवर स्क्रीन १०२४ × ७६८ वरच अडकली आहे

कोरीवलेणे
काल डेबियन १२ (लिनक्स) टाकलं. स्क्रीन १०२४ × ७६८ वर अडकलीय, सेटिंग्जमध्ये दुसरा पर्यायच नाही. खिडकी सरकवली की फरफटत येते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकून दोनदा रीस्टार्टही केलं. उद्यापासून याच मशीनवर काम आहे, लवकर सांगा.

घाटवाट
कार्ड कोणतं? ड्रायव्हर ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज-इन्स्टॉलरने) टाकला की एनव्हिडियाच्या साइटवरून .रन फाइल उतरवून? 'एलएसपीसीआय -के' चालवा. व्हीजीएच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दिसते का?

रातकिडा
त्यापेक्षा लिनक्स मिंट टाका. ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, दोन क्लिकमध्ये काम.

कोरीवलेणे
आरटीएक्स ३०६०. सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजच्या स्रोतांच्या यादीत) कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री जोडून ॲप्टनेच टाकलाय. ती ओळ दिसत नाही. एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणतं ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. केबल तपासायला सांगू नका, विंडोजमध्ये याच मॉनिटरवर १४४ हर्ट्झ मिळतात.

सुपारीबाग
ॲप्टमधला ड्रायव्हर जुना असतो. तो काढा आणि .रन फाइल चालवा, सगळ्यात नवा मिळेल.

घाटवाट
@सुपारीबाग, ॲप्टच्या ड्रायव्हरवर .रन चालवली तर लायब्ररींची सरमिसळ होते, मग ती निस्तरायला दिवस जातो. ३०६० ला डेबियन १२ मधला ड्रायव्हर पुरेसा आहे.
@कोरीवलेणे, विंडोजपण आहे हे आधीच सांगायला हवं होतं. 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' आणि 'मॉकयुटिल --एसबी-स्टेट' चालवा. जे येईल ते जसंच्या तसं इथे टाका.

कोरीवलेणे
पहिल्याला 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. दुसऱ्याला 'सिक्युअरबूट एनेबल्ड'.

घाटवाट
मग दुखणं सापडलं. ड्रायव्हर बरोबर बसलाय, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला आत घेत नाही. सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सही-तपासणी) चालू असलं की ओळखीच्या किल्लीची सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हरचा भाग) कर्नल नाकारतो. डीकेएमएसने (मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाने) तुमच्याच मशीनवर मॉड्यूल बांधून सही केलीय, पण ती किल्ली फर्मवेअरला अजून माहीत नाही. त्यात ड्रायव्हरच्या पॅकेजने नूव्होला (एनव्हिडिया कार्डांच्या मुक्त ड्रायव्हरला) ब्लॅकलिस्ट केलंय. म्हणजे जुना गेला आणि नव्याला दारातच अडवलं. उरला फर्मवेअरने सुरुवातीला दिलेला फ्रेमबफर (स्क्रीनवरच्या चित्राची साधी मेमरी). त्याचं रिझोल्यूशन बदलत नाही आणि सगळं चित्र सीपीयू काढतो, म्हणून खिडकी फरफटते.

रातकिडा
एवढं कशाला? बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा.

तांबडीमाती
थांबा, विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) असेल तर तसं करू नका. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती हाताशी नसेल तर विंडोजमधला डेटा अडकला. आणि मिंटवरसुद्धा सिक्युअर बूट चालू असेल तर किल्ली नोंदवावीच लागते.

कोरीवलेणे
बिटलॉकर चालू आहे. मग करू काय?

घाटवाट
बायोसला हात लावू नका. डीकेएमएसची किल्ली (मॉक) नोंदवा. टर्मिनलमध्ये:
सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मॉक.पब
ते नवा पासवर्ड मागेल. हा एकदाच लागतो. साधी अक्षरं आणि अंक वापरा, कारण पुढच्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, चिन्हं इकडची तिकडे होतात. मग रीस्टार्ट. निळी स्क्रीन आली की लगेच कुठलंही बटण दाबा. 'एनरोल मॉक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'.

पाटीपुस्तक
मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन पॅकेज टाका. इनस्क्रिप्टही त्यात मिळतो.

कोरीवलेणे
ते कोणी विचारलं?
निळी स्क्रीन आली, वाचेपर्यंत गेली आणि डेबियन सुरू झालं. अजूनही १०२४.

घाटवाट
ती जेमतेम १० सेकंद थांबते आणि एकदा हुकली की नोंदणीची विनंती रद्द होते. इम्पोर्ट पुन्हा करा आणि या वेळी बोट बटणावर तयार ठेवा. शिवाय /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब (बूट लोडरची सेटिंग फाइल) मध्ये नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरला स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवू न देणारा पर्याय) लिहिलंय का तेही बघा. काळ्या स्क्रीनवर उपाय म्हणून सर्रास लिहायला सांगतात, पण नंतर काढायचं राहून जातं.

कोरीवलेणे
नोमोडसेट होतं, इन्स्टॉल करताना टाकलं होतं. काढून 'सुडो अपडेट-ग्रब' केलं, किल्ली नोंदवली. १९२० × १०८०, १४४ हर्ट्झ, एनव्हिडिया-एसएमआयमध्ये कार्ड दिसतंय. खूप आभार.

सुपारीबाग
पुढचा कर्नल आला की पुन्हा हेच होईल, बघा.

घाटवाट
होणार नाही. डीकेएमएस त्याच किल्लीने सही करतं, नोंदणी परत लागत नाही. फक्त 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या हेडर फाइल्स) बसलेलं हवं. नुसते एका आवृत्तीचे हेडर्स टाकले असतील तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलंच जात नाही. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये चालू कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसतंय ना, ते आजच बघून घ्या.